जोडाचे चाक उघडताना

दौंडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा, बारावीनंतर शिक्षण सुटले, सहा महिने झाले सोलापूर रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात कामाला आहे. त्या लिहितात, "दादा, पोरगं कामाला वाघ आहे. पण शेजारपाजारचे म्हणतात, ट्रकच्या चाकाची रिंग उडाली तर माणूस जागेवर जातो. त्याचा एक मित्र शिक्रापूरला अलॉयची चाकं दुरुस्त करतो. तो म्हणतो, इकडं ये, इथलं काम साफ आहे. पोराला आहे तिथंच राहू देऊ का तिकडं पाठवू?"

ताई, शेजारी म्हणतात ते खोटे नाही. चाकाची रिंग उडून माणसे दगावली आहेत, आपल्याकडेही आणि परदेशातही. अमेरिकेत अशाच एका जातीच्या चाकाला ट्रकवाले "विधवा करणारे चाक" म्हणत असत. तेव्हा तुमची काळजी वाजवी आहे. पण काम सोडून देणे हेच एक उत्तर आहे असे मला वाटत नाही. तेच चाक रोज किती तरी दुकानांत सुखरूप उघडले जाते आणि सुखरूप बसवलेही जाते. फरक कुठे पडतो तेवढे या वेळी पाहू. आणि हे पान तुम्ही वाचून बाजूला ठेवू नका, मुलाच्या हातात द्या. त्याने ते दुकानातल्या इतर पोरांनाही वाचून दाखवावे.

आधी चाकाची ओळख करून घेऊ. मोटारकारचे साधे लोखंडी चाक एकाच तुकड्याचे असते. टायरची कड टॉमीने ताणून चाकाच्या काठावरून आत ढकलली की झाले. जुन्या पद्धतीच्या ट्रकच्या टायरला हे चालत नाही. नऊशे-वीस किंवा हजार-वीसच्या टायरच्या कडेत जाड तारेचा वेढा असतो, तो ताणला जात नाही. म्हणून चाकच तुकड्यांचे केले. मुख्य भाग म्हणजे डिस्कसकट रिम. तिच्या एका बाजूचा काठ कायमचा. दुसऱ्या बाजूचा काठ म्हणजे सुटी गोल रिंग. ती रिंग निसटू नये म्हणून बाहेरून आणखी एक रिंग, जी एका जागी कापलेली असते. ती रिमच्या खाचेत बसते. दुकानात तिला कोणी लॉक म्हणतो, कोणी नुसती रिंग म्हणतो. मी येथे लॉकरिंग म्हणतो. काही चाकांत काठ आणि लॉक मिळून एकच कापलेली रिंग असते. ती चाके दोन तुकड्यांची, पहिली तीन तुकड्यांची.

ज्यांनी बजाजची चेतक वापरली त्यांना ही गोष्ट सांगण्याची गरज नाही. १९७२ पासून या गाड्या रस्त्यावर आल्या आणि आपल्या किती तरी घरांत नवरा-बायको आणि दोन पोरे एकाच चेतकवर बसून सासरवाडीला गेली. तिचे चाक म्हणजे दोन ताटल्या एकमेकींना नटांनी जोडलेल्या. रिक्षाचेही तसेच. पंक्चर काढायचे तर नट सोडायचे आणि ताटल्या वेगळ्या करायच्या. यात एक खोच आहे. काही नट चाकाला ड्रमवर धरतात, काही नट त्या दोन ताटल्यांना एकमेकींशी धरतात. हवा भरलेली असताना दुसऱ्या जातीचे नट सोडले तर ताटली बोटांवर येते. जुने पंक्चरवाले म्हणूनच पान्ह्याला हात लावायच्या आधी पिन काढून हवा सोडत. स्कूटरला जी सवय लागते तीच ट्रकला जीव वाचवते. फक्त ट्रकची हवा फार मोठी असते.

किती मोठी, त्याचा हिशेब एकदा करून पाहा. मुलगा बारावी झाला आहे, त्याला तो येईल. नऊशे-वीसच्या टायरची बाहेरची उंची सुमारे ४० इंच, आतले भोक २० इंच. मधल्या वर्तुळाकार पट्टीचे क्षेत्रफळ ९०० चौरस इंचांच्या वर भरते. हवा १०० पौंड भरली म्हणजे दर चौरस इंचाला १०० पौंडांचा रेटा. ९०० गुणिले १०० म्हणजे ९०,००० पौंड, किलोत सांगायचे तर ४० टन. हा रेटा टायरच्या एका बाजूवर बाहेरच्या दिशेने असतो. यातला बराच भाग टायर स्वतः सोसतो, तरी उरलेला कित्येक टनांचा रेटा त्या रिंगेवर येतो. दोन आसांच्या ट्रकला मालासकट १६.२ टन वजनाची मर्यादा होती, २०१८ मध्ये ती १८.५ टन झाली. म्हणजे भरलेल्या ट्रकच्या वजनाशी तुलना व्हावी असा रेटा एका कापलेल्या लोखंडी रिंगेने खाचेत धरून ठेवलेला असतो. खाच गंजलेली असेल, रिंग वाकडी असेल, दुसऱ्याच कंपनीची रिंग ठोकून बसवलेली असेल, तर काय होईल ते सांगायला नको. एका दुकानाच्या पत्र्याला पडलेले लांबट भोक मी पाहिले आहे. त्याखाली त्या घटकेला कोणी वाकलेले नव्हते, एवढेच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नवीन ट्रक घेतला तर त्याला आता बऱ्याचदा ट्यूबलेस टायर असते आणि तिचे चाक अखंड असते, रिंग नसते. मग ही रिंगेची चाके गेली कुठे? ती भंगारात गेली, भंगारातून निघाली आणि ट्रॉल्यांना लागली. भीमेच्या आणि घोडच्या काठाला ऊस. गळीत हंगामात न्हावरे-चौफुला रस्त्यावर उभे राहून पाहा, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांना ट्रकची जुनी चाके आणि रिमोल्ड टायर. हंगाम संपला की ट्रॉली शेताच्या कडेला पावसात उभी. खाचेत पाणी, माती, उसाचा पाला. पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा बाहेर काढायची आणि आहे त्यावर हवा मारायची. म्हणजे ट्रक कंपनीने ज्या चाकाचा नाद सोडला ते चाक अधिक जुने होऊन आपल्या गावच्या पोरांच्या हातात आले आहे. धोका हायवेवरून आत सरकला असे मी म्हणतो ते यासाठी.

अशा चाकाचे काम मुलाच्या हाती आले तर त्याने कसे करावे?

चाक गाडीला असतानाच पहिली हवा. नट सैल करण्याच्या आधी व्हॉल्व्हमधली पिन काढायची आणि सगळी हवा जाऊ द्यायची. मागच्या जोडचाकाला आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही टायरांची. पुष्कळ जण फक्त पंक्चर झालेल्याची सोडतात आणि आतल्याची तशीच ठेवतात. आतल्या चाकाची रिंग बिघडलेली असेल तर तिला नटांनीच दाबून धरलेले असते, आणि नट सुटले की ती सुटते. "फुस्स" आवाज थांबला म्हणजे हवा गेली असेही समजू नये. नळीत माती अडकते, कधी ट्यूबचाच तुकडा अडकतो. बारीक तार घालून पाहावी. एवढ्याला अर्धे मिनिट लागते.

मग जॅक, चाकांना दगड, नट, आणि चाक खाली. टायरची कड गंजाने रिमला चिकटलेली असते, ती सगळीकडून थोडी थोडी सोडवायची. साबणाचे पाणी किंवा टायरची पेस्ट चालते, डिझेल किंवा ग्रीस नको, रबर फुगते. लॉकरिंगेला एक खोबण असते, तिच्यात टॉमीचे टोक घालून रिंग उचलायची, दुसरी टॉमी पुढे सरकवायची, असे करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचे. घणाचे दणके घालून मधूनच उचलली तर रिंग पिळते. पिळलेली रिंग सरळ दिसते, पण खाचेत पूर्ण बसत नाही. मोठे अपघात पुढच्या वेळी होतात, त्यांची पेरणी अशी आज होते.

टायर, फ्लॅप, ट्यूब निघाली की खरे काम सुरू. बहुतेक दुकाने येथे हात आखडता घेतात, कारण पंक्चरचे पैसे मिळतात, साफसफाईचे कोणी देत नाही. तारेच्या ब्रशने रिम घासायची, खाच तर खिळ्याने, खरवडणीने, मिळेल त्याने तळापर्यंत मोकळी करायची. खाचेत तांदळाएवढी माती राहिली तरी तेवढी रिंग वर राहते. सगळी धूळ पुसून चाक उजेडात धरायचे. तडा कुठे जातो? जास्त करून खाचेच्या कोपऱ्यात, नटांच्या भोकांपासून निघून, नळीच्या फटीपाशी, आणि डिस्क रिमला वेल्ड केलेली असते त्या रेषेवर.

तडा डोळ्यांना दिसत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. तिला पैसे लागत नाहीत. संशयाच्या जागी रॉकेल किंवा पातळ तेल लावावे आणि दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावे. मग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावे आणि वरून खडूची भुकटी फासावी. तडा असेल तर आत मुरलेले तेल बाहेर येते आणि पांढऱ्या भुकटीवर काळसर रेघ उमटते. शाळेचा खडू आणि बाटलीतले रॉकेल, एवढ्यावर माणूस वाचतो. रेल्वेच्या वर्कशॉपात काम केलेले जुने लोक दौंडमध्ये कमी नाहीत. त्यांना विचारा, ही पद्धत त्यांच्या परिचयाची निघेल.

रिंगा सपाट फरशीवर ठेवून पाहाव्यात. डुगडुगली तर ती पिळलेली आहे. टोके झिजलेली, गंजाने खड्डे पडलेली, घणाने चेपलेली रिंग पुन्हा वापरू नये. वाकवून नीट करू नये. तापवून तर नाहीच नाही. रिमवर आणि रिंगेवर बनवणाऱ्याचे नाव, माप ठोकलेले असते. गंज निघाला की ते वाचता येते. तीन तुकडे एकाच जातीचे आणि एकाच मापाचे असतील तरच एकत्र बसवावेत. "बसतंय ना, मग चालतंय" हे वाक्य टायरच्या दुकानात दिवसातून दहा वेळा ऐकू येते. दिसायला जवळपास सारख्या दोन रिंगांत फरक दोरीएवढा असतो, आणि तेवढाच पुरतो.

निकामी रिंग भिंतीला टेकवून ठेवली की महिन्याभरात कोणीतरी ती पुन्हा उचलतो. ती कटरने दोन जागी कापून मगच भंगारात टाकावी. मालकाला भंगाराचा भाव तुकड्यांचाही तोच मिळतो.

चांगली निघालेली रिम घासून तिला रेडऑक्साईडचा एक पातळ हात आणि वर रंग द्यावा. खाचेत आणि नट बसतात तिथे रंगाचे थर चढवू नयेत, नटाखालचा रंग चुरला की नट सैल होतो. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावावी, फ्लॅप चुरगळू देऊ नये. रिंगा बसवून झाल्यावर सगळा गोल बोटाने फिरवून पाहावा.

आता हवा. अमेरिकेत अशा चाकांसाठी १९८० मध्ये कामगारांच्या सुरक्षेचा स्वतंत्र नियम झाला आणि १९८४ मध्ये तो अखंड चाकांनाही लावला. त्यातल्या गोष्टी आपल्या हायवेवरच्या दुकानाला जशाच्या तशा लागू पडतात. चाक पोलादी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची. पाइप लांब हवा, नळीला स्वतः धरून राहणारा क्लिपचा तोंडका हवा, आणि गेज व व्हॉल्व्ह पाइपच्या मध्यावर हवा, म्हणजे माणसाला चाकापाशी वाकून बसावे लागत नाही. उभे राहायचे ते टायरच्या पाठीच्या बाजूला. रिंगेच्या समोर किंवा वर कधीच नाही. आधी थोडीच हवा, आठ-दहा पौंड, भरून थांबायचे आणि रिंग सगळीकडून बसली का ते पाहायचे. बसली नसेल तर हवा पूर्ण सोडून, उघडून, पुन्हा बसवायची. भरलेल्या हवेवर रिंगेला हातोडा मारायचा नाही. या एका वाक्यासाठी मी हे पान लिहिले असते तरी चालले असते. पोरे हातोडा मारतात, कारण उस्ताद मारतो. उस्ताद मारतो, कारण त्याला वीस वर्षांत काही झाले नाही.

कमी हवेवर बराच पल्ला पळालेले चाक आले तर त्यात तशीच वरून हवा मारू नये. ते उघडून आतून पाहावे, कारण कमी हवेत रिंगा जागच्या हललेल्या असू शकतात. टायर चढवलेल्या चाकाला वेल्डिंग तर कधीच नको, नट अडकला म्हणून गॅसची ज्योतही नको. हवा सोडलेली असली तरी आतले रबर तापून वायू धरते आणि टायर फुटते. हा अपघात रिंग उडण्यापेक्षाही भयंकर असतो आणि तो वेल्डरच्या दुकानात होतो, म्हणून टायरवाल्यांना त्याची माहिती कमी.

ताई, आता मालकाचा प्रश्न. पिंजरा नसलेले दुकान हायवेवर शोधावे लागत नाही. मुलाने मालकाला सांगावे, भांडून नव्हे, हिशेबाने सांगावे. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्यात १९२३ पासून आहे. हजेरीवही नाही, पगार रोख, नाव कुठे लिहिलेले नाही, अशा ठिकाणी तो हक्क सिद्ध करताना घरच्यांचे हाल होतात. म्हणून पगाराची चिठ्ठी, निदान मोबाईलवर आलेला पैशाचा मेसेज जपून ठेवायला सांगा. आणि ज्या चाकाकडे पाहून मुलाला भीती वाटते ते चाक भरायला "नाही" म्हणण्याची त्याला घरून मोकळीक द्या. एका दिवसाचा खाडा परवडतो. पुष्कळ पोरे घरच्या ओढाताणीपायी "नाही" म्हणत नाहीत.

आता शिक्रापूरचे. अलॉयचे चाक म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचे ओतीव चाक. वजनाला ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. शिरूर तालुक्याला हे नवे नाही. एन्काई ही जपानची, हामामात्सूची, १९५० साली सुरू झालेली कंपनी. तिचा अलॉय चाकांचा कारखाना आपल्या शिक्रापूरला आहे. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात ज्यांच्या घरचे कोणी ओतकामाला आहे त्यांना वितळलेल्या ॲल्युमिनियमचा वास ओळखीचा असेल. पण कारखान्यात नवे चाक ओतणे वेगळे आणि रस्त्याकडेला जुने चाक उभे करणे वेगळे.

अलॉयची बहुतेक चाके एकाच तुकड्याची. परंतु जुन्या शौकाच्या गाड्यांना दोन-तीन तुकड्यांची अलॉय चाकेही असतात. जर्मनीत शिल्टाख गावी १९७० मध्ये निघालेल्या बीबीएस कंपनीने शर्यतीच्या गाड्यांमुळे ही चाके नावारूपाला आणली. मधला जाळीदार भाग वेगळा, बाहेरचा चकचकीत काठ वेगळा, आतला पिंप वेगळा, आणि तिन्ही मिळून तीसेक बारीक बोल्टांनी आवळलेले. हवा सुटू नये म्हणून सांध्यात सिलिकॉनचा लेप. येथे रिंग उडण्याचा प्रकार नाही, पण नियम तोच, टायर काढल्याशिवाय त्या बोल्टांना पान्हा लावायचा नाही. ते बोल्ट चेतकच्या ताटल्यांच्या नटांचे भाऊबंद आहेत.

अशी चाके पुण्यातून कधीमधी येतात. त्यावर पोट भरेल इतकी नाहीत. तरी काम शिकण्यासारखे आहे. तिन्ही तुकड्यांवर आधी खूण करायची, म्हणजे जसे होते तसेच परत बसतील. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षे राहिला की सांध्यात पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट अडकतो. जोर केला तर तुटतो. गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुन्हा पान्हा लावावा. तुकडे वेगळे करायला लाकडाचा किंवा रबराचा हातोडा. जुना सिलिकॉन लाकडी पट्टीने खरवडायचा, लोखंडी पटाशीने नव्हे, कारण मऊ धातूवर ओरखडा पडला की तिथून हवा झिरपते. काठावरचा जुना लॅकर काढून ओल्या पॉलिश पेपरने घासायचे, २४०, ४००, ८००, १२०० अशा चढत्या नंबराने. वरचा नंबर घ्यायची घाई केली तर आधीच्या नंबराच्या रेघा चकाकीखाली तशाच दिसतात. बोल्ट नवे घालावेत आणि टॉर्क पान्ह्याने, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत, त्या चाकाला सांगितलेल्या मापावर आवळावेत. सिलिकॉनला एक दिवस सुकू द्यावे. टायर चढवून पाण्यात बुडवून पाहावे.

"तिकडचं काम साफ आहे" हे मात्र अर्धेच खरे. ॲल्युमिनियमची बारीक धूळ छातीत जाते आणि साठली तर ठिणगीने पेटते. लोखंड घासायच्या ग्राइंडरवर ॲल्युमिनियम घासू नये, दोन्हींची धूळ एकत्र होऊ देऊ नये. रंग काढायचे रसायन हातावर पडले तर कातडी सोलते. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे ताप. लोखंड तापले की लाल होते, डोळ्यांना कळते. ॲल्युमिनियम लाल न होताच एकदम ढासळते. ट्रकच्या लोखंडावर हात बसलेला पोरगा अलॉयच्या वाकड्या काठावर ज्योत धरतो आणि रंग बदलायची वाट पाहतो, तोपर्यंत चाकाची कारखान्यात कमावलेली ताकद निघून गेलेली असते. वरून रंग मारला की गिऱ्हाईकाला काही दिसत नाही. आरीजवळ किंवा नटाच्या भोकाजवळ तडा गेलेले अलॉय चाक वेल्ड करून देणारी दुकाने आहेत. पैसे चांगले मिळतात. तसे चाक मी माझ्या घरच्या गाडीला लावणार नाही. ज्या दुकानात असे चाक परत पाठवतात ते दुकान मुलाला शिकवील.

तेव्हा ताई, दोन्हींकडे धोका आहे आणि दोन्हींकडे हुन्नर आहे. मुलाने एखाद्या सुट्टीच्या दिवशी शिक्रापूरला जाऊन त्या दुकानात दिवसभर नुसते उभे राहावे. धूळ कुठे जाते, तोंडाला मास्क कोण लावतो, टॉर्क पान्हा भिंतीला टांगलेला आहे की रोज हातात येतो, तडा गेलेल्या चाकाचे काय करतात, एवढे पाहावे. मित्राला पगार दर महिन्याला मिळतो का, हेही विचारावे. त्याच डोळ्यांनी मग आपले दौंडचे दुकान पाहावे. माझ्या मताने या हंगामात ट्रॉल्यांची गर्दी होईपर्यंत त्याने आहे तिथेच राहावे, मालकाकडून पिंजरा आणि लांब पाइप करून घ्यावा. दसऱ्याआधीच्या मोकळ्या दिवसांत दुकानदाराने ट्रॉलीवाल्यांना "चाक उघडून, घासून, तपासून देतो" असे सांगून त्याचे वेगळे पैसे घ्यावेत. हे मागणारे शेतकरी आहेत, कारण ऐन तोडीत रस्त्यावर चाक गेले तर त्यांचाही दिवस बुडतो. मालक पिंजऱ्याचे नावच काढू देत नसेल तर मात्र हंगामाची वाट पाहू नका.

आणि पावसाळ्याच्या तोंडाला आयटीआयचे अर्ज निघतात. फिटर, वेल्डर, मोटार मेकॅनिक यांपैकी जे मिळेल त्याचा फॉर्म भरायला लावा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला आताच एका पिशवीत काढून ठेवा. फॉर्म भरायच्या दिवशी दाखल्यासाठी तहसील कचेरीत धावावे लागले तर मुदत जाते.